आधी रेघ, मग अक्षर

आमच्या पिढीची गाठ अक्षराशी पडण्याआधी रेघेशी पडली. पहिलीत पाटीवर उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ असं गिरवून गिरवून बोटं पांढरी झाल्याशिवाय गुरुजी ‘ग’च्या वाटेला जाऊ द्यायचे नाहीत. पाटीवरून वहीवर आलो, तर तिथेही रेघा आमच्या आधी येऊन बसलेल्या. पिंपरीच्या संत तुकारामनगरात, आकुर्डीत, निगडीच्या प्राधिकरणात वाढलेल्या आम्हा कामगारांच्या पोरांची तेव्हा पक्की समजूत होती, की कागद गिरणीतून निळ्या रेघांसकटच बाहेर पडतो. कोरा कागद ही एक तर श्रीमंतांची चैन, नाहीतर चित्रकलेच्या तासाची.

आता रेघ शोभेला आली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं निमंत्रण हल्ली मोबाइलवर येतं ते वहीच्या पानाचा वेश घेऊन. मागे पिवळट कागद, त्यावर निळ्या रेघा, डावीकडे लाल समास, आणि कोपऱ्यात शाईचा एक डागसुद्धा मुद्दाम पाडलेला. वरचा मजकूर मात्र त्या रेघांना ओळखही देत नाही. पहिली ओळ रेघेला जेमतेम टेकलेली, तिसरी अधांतरी, आणि सातवीच्या पोटातून रेघ आरपार गेलेली. असं आम्ही लिहिलं असतं तर तळहातावर रूळ बसला असता. आता त्याला रेट्रो लूक म्हणतात आणि खाली अंगठे उमटतात.

आमच्या वेळी वह्या जूनमध्ये यायच्या, पहिल्या पावसाच्या आगेमागे. कंपनीच्या ग्राहक सोसायटीत डझनाच्या भावाने मिळतात म्हणून वडील शिफ्ट सुटल्यावर तिथल्या रांगेत उभे राहायचे. एकेरी, दुरेघी, चौरेघी आणि गणिताची चौकटीची. प्रत्येक वहीचा कायदा वेगळा. शुद्धलेखन दुरेघीत, इंग्रजी चौरेघीत, आणि तेही पाचवीपासून, कारण पहिलीपासून इंग्रजी ही गोष्ट महाराष्ट्रात २००० साली आली. पुढे दोन्ही भाषा एकेरी वहीत नांदायला लागल्या तेव्हा मजा व्हायची. दोन रेघांच्या मधल्या त्याच जागेत मराठी अक्षर छताला धरून लोंबकळायचं आणि इंग्रजी अक्षर जमिनीवर पाय टेकून उभं राहायचं. मराठी वाक्यात मधेच कंपनीचं इंग्रजी नाव आलं, की हात छतावरून खाली उतरायचा आणि नाव संपलं की पुन्हा वर चढायचा. आमच्यातले आळशी गडी छापील रेघेलाच शिरोरेषा समजून अक्षरांच्या डोक्यावर रेघ ओढायची टाळायचे. बाई वही उंच धरून विचारायच्या, ‘ही रेघ तुझी की वहीवाल्याची?’

या वह्या काही फार चांगल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. कागद असा, की शाई एका पानावर लिहावी आणि दुसऱ्या पानावर वाचावी. रेघा कुठे गडद, कुठे पुसट. पानाच्या एका बाजूच्या रेघा दुसऱ्या बाजूच्या रेघांना जुळतील तर शपथ. कधी अख्खी वही तिरकी आखलेली निघायची. रेघ तिरकी म्हणून अक्षर तिरकं, आणि मार मात्र आम्हाला. छापील समासाच्या वह्या महाग, म्हणून समास घरीच आखायचा. वडिलांनी कारखान्यातून आणलेली अर्धी लाल, अर्धी निळी पेन्सिल, फूटपट्टी, आणि सुट्टीतल्या उरल्यासुरल्या रिकाम्या दुपारी. अख्खी वही आखून झाली की पहिल्या पानावर वर मधोमध ‘श्री’ काढायचा आणि वही मिटून ठेवायची. शाळा सुरू होण्याआधी ती एकदा तरी उघडून बघितल्याशिवाय राहवायचं नाही. आत काही लिहिलेलं नसायचं. नुसत्या रेघा बघायला आम्ही वही उघडायचो.

संगणकालाही रेघ आहे, पण ती दिसत नाही. प्रत्येक फाँटच्या पोटात एक अदृश्य तळरेघ असते आणि सगळी अक्षरं तिच्या हिशोबाने उभी राहतात. ही व्यवस्था रोमन अक्षरावरून आली, म्हणजे जमिनीवर पाय टेकणाऱ्याची सोय बघून. आमचं छताला धरणारं अक्षरही त्याच जमिनीवरून मोजलं जातं. ओपनटाइप नावाच्या फाँटच्या जागतिक मानकात लटकणाऱ्या लिप्यांसाठी वरच्या रेघेची तरतूद आहे. पण तरतूद असणं आणि कुणी ती वापरणं यातलं अंतर सरकारी योजनांनी आपल्याला चांगलं शिकवलं आहे. त्यामुळे बहुतेक प्रोग्रॅममध्ये मराठी मजकुरामागे रेघा मागवल्या, की त्या अक्षरांच्या पायाखालून जातात. उकार चिरले जातात, ‘कृ’चा पाय कापला जातो, आणि शिरोरेषा व रेघ या एका घरच्या दोघी एकाच ओळीत वेगवेगळ्या राहतात.

खरं तर आपल्याकडे रेघ आधी आणि अक्षर मागाहून, ही रीत वहीपेक्षा जुनी. मोडी लिहिणारे कारकून पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी रेघ ओढत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जात. जैन पोथ्यांचे लेखनिक फळीवर दोरे ताणून बांधत आणि कागद त्यावर दाबत. शाईशिवायच ओळी उमटत. कचेऱ्यांत लाकडी गोल रूळ असे. तो कागदावरून गडगडवत नेला की समांतर रेघा आखल्या जात. पुढे तो शाळांमध्ये आला आणि तिथे त्याचा दुसरा उपयोगच जास्त झाला. आमच्या घरांत पत्राचं पातळ कागदाचं पॅड असायचं आणि त्यात जाड काळ्या रेघांचा एकच कागद. तो कोऱ्या कागदाखाली सरकवायचा, खालच्या रेघा वर झिरपून दिसायच्या, त्यांवर पत्र लिहायचं आणि रेघांचा कागद पुन्हा पॅडमध्ये. पत्र सोलापूरला जायचं, साताऱ्याला जायचं. रेघा घरी राहायच्या. गावाकडच्या आजोबांना वाटायचं, नातवाचा हात काय सरळ आहे!

आता सरळ लिहिण्याचं कौतुक कुणाला होणार? वाकडं लिहायची सोयच उरलेली नाही. मोबाइलवर टाइप केलेली ओळ सरळच येते. रागात टाइप केली तरी सरळ, रडत टाइप केली तरी सरळ. आजोबांची ती फसवणूक गेली हे चांगलंच झालं. पण आजीच्या पत्रातल्या शेवटच्या ओळी खाली घसरत गेलेल्या दिसायच्या आणि आईला काही न वाचताच कळायचं, की यंदा गावी जायला हवं. ती सोयही गेली.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात रेघांची सगळ्यात मोठी उलाढाल छापखान्यांत व्हायची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे हजार गाळे आले. प्रत्येक गाळ्याला चलनबुक हवं, गेटपास हवा, जॉबकार्ड हवं, हजेरीपत्रक हवं. पुण्यात कथा-कादंबऱ्या छापल्या जात होत्या तेव्हा भोसरी-चिंचवडचे छापखाने ही रेघांची पुस्तकं छापत होते. आमच्या पट्ट्याचं साहित्य ते हेच, आणि त्याचा खप कुठल्याही दिवाळी अंकाला हेवा वाटावा असा.

या कामात सगळ्यात किचकट मागणी म्हणजे मजकुरामागे रेघा. छपाईचा खिळा म्हणजे अक्षराचा शिशाचा ठोकळा. दोन ओळींमध्ये अंतरासाठी घालतात त्या लेडच्या जागी पितळी पट्टी बसवता येते, पण अक्षराच्या मागून रेघ न्यायची तर एकाच जागेत दोन धातू मावणार कसे? मग काम दोनदा व्हायचं. आधी कागद रुळिंग मशीनवर जायचा. तिथे पेनांची एक रांग, लोकरीच्या पट्टीतून त्यांत झिरपणारी शाई, आणि खालून कापडी पट्ट्यावर सरकत जाणारा कागद. निळी शाई ओळींना, लाल समासाला. वाळलेला कागद मग ट्रेडल छापयंत्रावर, आणि ट्रेडलवर कागद लावणाऱ्याचा हात सूतभर सरकला की मजकूर रेघेच्या डोक्यावर. कोष्टकांच्या कामाला खिळे जुळवणारा कंपोझिटर जास्त पैसे मागायचा, आणि ते योग्यच होतं. एवढं करूनही उभ्या आणि आडव्या पट्ट्यांचे कोपरे कधी पुरते मिळायचे नाहीत; प्रत्येक चौकटीच्या चारही कोपऱ्यांत केसभर फट राहायची. ती फट बघून आम्ही नाकं मुरडायचो. आज जुनं चलन हातात आलं की नजर आधी त्या फटीवर जाते.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानजुळणी, आली. त्यासाठीचं पेजमेकर अमेरिकेत १९८५ साली निघालं आणि संगणकावर भारतीय भाषा आणणाऱ्या सी-डॅकची पुण्यात स्थापना १९८८ सालची. आमच्या गाळ्यांत दोघांचं पीक पोचेपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं. श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या फाँटवाल्याकडे उघडली की मराठीची रांगोळी व्हायची, हे दुखणं सोडलं तर सगळा आनंद होता. रेघ माउसने ओढायची, कोपरे मिळवायला कानस लागत नाही, मजकूर वर आणि रेघा मागे अशा थरांवर थर ठेवायचे. खिळे जुळवून ज्यांची दृष्टी अधू झाली त्यांनी हे पाहून हात जोडले. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने एकदा शिशाच्या धुळीत दिवसभर उभं राहून बघावं.

पण संगणकावर रेघा काढणं सोपं झालं आणि रेघांवर मजकूर बसवणं तेवढंच अवघड राहिलं. रेघांमधलं अंतर ८ मिलिमीटर धरा आणि मजकुराच्या ओळींमधलं २२ पॉइंट. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. २२ पॉइंटचे होतात ७.७६ मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटरही नाही. पहिल्या ओळीला तो दिसत नाही, पाचव्या ओळीला चुटपुट लावतो, आणि पंचविसाव्या ओळीपर्यंत साठून पावणेसहा मिलिमीटर होतो, म्हणजे पाऊण ओळ. औषध साधं आहे: ओळींचं अंतर २२.६८ पॉइंट करायचं, किंवा दोन्ही अंतरं एकाच आकड्यातून काढायची. हा आकडा बांधून घातला नाही, तर मराठीचा स्वभाव आडवा येतो. अंतर आपोआप ठरू दिलं, की मजकुरात मधेच दुसऱ्या फाँटचं अक्षर आलेली ओळ तेवढी उंच होते आणि खालच्या सगळ्या ओळी रेघांवरून घसरतात. मोबाइलवर वाचणाऱ्याने अक्षर मोठं केलं तर मजकूर वाढतो आणि रेघा जागच्या जागी राहतात. ट्रेडलवाल्याचा हात सरकायचा तेव्हा त्याला शिवी देता यायची. आता शिवी कुणाला द्यायची हेच कळत नाही.

आणि संगणकावरचा तो अर्ज! ‘नाव’ या शब्दापुढे कुणीतरी अंडरस्कोअरचं बटण दाबून धरून रेघ काढलेली असते. तिथे नाव टाइप करायला गेलं, की रेघ पुढे पळते. आडनावापर्यंत ती ओळ ओलांडून खाली उतरते, पत्ता लिहीपर्यंत सहीची जागा दुसऱ्या पानावर गेलेली असते. छापील अर्जावरची रेघ आखूड असायची आणि तिच्यात दोन इंचांत नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव कोंबावं लागायचं. शेवटची अक्षरं भिंतीला चिकटून उभी राहायची. पण ती निदान जागेवर असायची. रेघ आपल्याला जागा करून देत पुढे सरकते म्हणून आनंद मानावा, की आपण लिहीपर्यंत ती थांबत नाही म्हणून वाईट वाटून घ्यावं, याचा निकाल आमच्याच्याने लागलेला नाही.

कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तर रेघेचं राज्यच होतं. ड्रॉइंगवर एक शब्द लिहायचा तरी ड्राफ्ट्समन आधी कडक पेन्सिलीने दोन फिक्या रेघा मारायचा, आणि मग त्यांच्या मधे अक्षर. अक्षरांची उंचीही ठरलेली: २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर, प्रत्येक आधीच्याच्या सुमारे १.४ पट. आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये पहिले कित्येक दिवस याच अक्षरांत जायचे. या रेघा इतक्या फिक्या मारायच्या, की लिहिणाऱ्याला दिसाव्यात आणि अमोनिया प्रिंटमध्ये उमटू नयेत. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि त्याच साली अमेरिकेत ऑटोकॅड बाजारात आलं. यातली पहिलीच बातमी आमच्यापर्यंत पोचली.

आज त्या ऑफिसात अमोनियाचा वास नाही, आणि ज्याने तो छातीत भरून घेतला आहे तो त्याच्यासाठी गळा काढणार नाही. अक्षराची उंची एका आकड्याने ठरते आणि ड्रॉइंग बदललं तर सगळं पुन्हा काढावं लागत नाही. पण पूर्वी ड्रॉइंग हातात घेतलं की ते कुणाच्या हातचं, हे खालच्या कोपऱ्यातली सही न बघता सांगता यायचं. दोन फिक्या रेघांच्या मधे प्रत्येकाने आपापली चाल ठेवलेली असायची. आता सगळ्या ड्रॉइंगांचं अक्षर एकच आणि ते कुणाचंच नाही.

शॉपफ्लोअरवर हीच रेघ लोखंडावर उमटायची. फिटर जॉबला मार्किंगचा निळा रंग लावायचा, सरफेस प्लेटवर ठेवून हाइट गेजने रेघ ओढायचा आणि रेघेवर पंचचे ठिपके मारायचा. मग कानस. रेघेपर्यंत घासायचं, रेघेपलीकडे नाही. काम संपल्यावर प्रत्येक ठिपक्याचा अर्धा भाग शिल्लक दिसला पाहिजे. तो अर्धा ठिपका म्हणजे कारागिराने दिलेली साक्ष. सीएनसी मशीनला असली साक्ष लागत नाही, रेघही लागत नाही. प्रोग्रॅममधल्या आकड्यावर टूल जाऊन थांबतो आणि माप मायक्रॉनमध्ये मिळतं. कानशीने घासलेल्या जॉबने आजची गाडी चालली नसती, हे आम्हालाही ठाऊक आहे. आमची तक्रार मापाबद्दल नाहीच. त्या अर्ध्या ठिपक्याकडे बघताना फिटरच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते प्रोग्रॅम संपल्यावर कुणाच्या चेहऱ्यावर येत नाही, एवढंच.

मशीनशेजारी खिळ्याला लटकवलेलं लॉगबुक असायचं. पानाच्या वर ‘मागील पानावरून’, खाली ‘पुढे नेले’, आणि दिवसाच्या नोंदी संपल्यावर उरलेल्या कोऱ्या ओळींवर एक तिरकी रेघ आणि सही, म्हणजे रात्री कुणी मधे काही घुसडू नये. व्यवस्था पवित्र वाटावी अशी. प्रत्यक्षात तासातासाला घ्यायची आठ रीडिंग्ज शिफ्टच्या शेवटच्या दहा मिनिटांत एका पेनाने, एका हाताने आणि एका कल्पनाशक्तीने भरली जायची, हे सगळ्यांना माहीत होतं. नव्वदच्या दशकात आयएसओ ९००० आलं तेव्हा ऑडिटच्या आदल्या रात्री तर महिन्याची रजिस्टरं जन्माला यायची. आखीव पान होतं म्हणून सत्य लिहिलं जायचं, असं म्हणणारा माणूस एक तर विसराळू असेल किंवा सुपरवायझर.

आता टॅबवर नोंद होते आणि नोंदीला वेळेचा शिक्का असतो. दोन वाजून दहा मिनिटांनी भरलेलं रीडिंग आठ वाजताचं म्हणून खपत नाही. हे चांगलं झालं. मात्र त्या लॉगबुकला समास होता. रकान्यांत मावेल ते रकान्यांत जायचं आणि न मावणारं समासात. ‘आवाज येतोय, बेअरिंग बघणे.’ ‘कूलंट संपत आलंय.’ कुठल्या तरी तिसऱ्या शिफ्टवाल्याने खरडलेलं, ‘मुलगी झाली. उद्या पेढे.’ ही वाक्यं कुणी मागितलेली नसायची आणि सकाळच्या शिफ्टचा माणूस रीडिंगच्या आधी तीच वाचायचा. टॅबवर पर्यायांची यादी उघडते. तिच्यात जे बसत नाही ते ‘इतर’. ‘इतर’ला स्पर्श केल्यावर पुढे काही लिहायला जागा मिळेलच असं नाही.

चाकणकडे गेलं तर रेघेची गोष्ट गंभीर होते. संग्रामदुर्गाचं आणि कांद्याच्या बाजाराचं चाकण ते. १९९९मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९मध्ये फोक्सवॅगनचा. निघोजे, महाळुंगे, सावरदरी ही गावं आधी सातबाऱ्यावर होती, मग ती कंपन्यांच्या पत्त्यांत आली. सातबारा म्हणजे आखीव कागदच. वर गाव नमुना सात, कोणाची जमीन. खाली गाव नमुना बारा, कोणतं पीक. तलाठी हाताने लिहायचा. रकाना अरुंद, वारसदार भरपूर, म्हणून नावं रेघा ओलांडून शेजारच्या रकान्यात पाय पसरायची. कमी झालेलं नाव कंसात जायचं, फेरफाराचा क्रमांक वर्तुळात. ते अक्षर तलाठ्याला लागायचं आणि देवाला. शेतकऱ्याला फक्त नकलेचे पैसे लागायचे. त्या न लागणाऱ्या अक्षरात किती भावांच्या जमिनी अडकल्या, ते कोर्टांना विचारावं.

आता सातबारा संगणकावर निघतो. २०२० साली त्याचा नमुना सुधारला तेव्हा मागे शासनाचं फिकं बोधचिन्ह आलं, दोन खातेदारांच्या नावांमध्ये रेघ आली, आणि कमी झालेली नावं कंसाऐवजी आडव्या रेघेने खोडलेली दिसू लागली. हा कागद लख्ख आहे आणि घरबसल्या मिळतो. जुन्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा, याबद्दल चाकणचा कुठलाही शेतकरी वाद घालणार नाही. तरी नकला काढून बसलेले म्हातारे अजून दिसतात. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर पिकाच्या रकान्यात कांदा, बटाटा, बाजरी अशी दरसालची नोंद असते. त्यावर बोट ठेवून ते त्या त्या सालचा पाऊस सांगतात. नव्या उताऱ्यावर आजोबांच्या नावावरून गेलेली आडवी रेघ इतकी सरळ असते, की बोट ठेवायला काही मिळत नाही.

मग आम्ही नेमकं कशासाठी हळहळतो? त्या रेघांनी आम्हाला पाठीत धपाटे दिले, खोटी रीडिंग्ज लपवली, वारसदारांची नावं कोंबून कोंबून वाचता येईनाशी केली. आमच्यातल्या डावखुऱ्यांना तर समासही उलट्या बाजूला होता. या सगळ्याला वळण आणि शिस्त म्हणून हार घालणं म्हणजे रुळाला हार घालणं. आम्ही जिला शिस्त म्हणतो, ती बऱ्याचदा कागदाच्या टंचाईची शिकवण होती.

आमचा हिशोब इतकाच, की मागची रेघ दिसत असली की माणूस तिच्यापासून किती ढळला तेही दिसायचं. घसरलेल्या ओळीत आजीचं वय दिसायचं, दोन फिक्या रेघांमधल्या अक्षरात ड्राफ्ट्समनचा स्वभाव, अर्ध्या ठिपक्यात फिटरची नियत. रेघ सरळ होती म्हणून तिचं महत्त्व नव्हतं. ती असल्यामुळे आमचा वाकडेपणा मोजता यायचा. आज मजकूर आपोआप सरळ येतो आणि रेघ त्याच्यामागे सजावट म्हणून उभी राहते. दोघांचा एकमेकांशी व्यवहारच उरलेला नाही. जुना व्यवहार त्रासाचा होता, नवा अव्यवहार सुखाचा आहे, आणि एवढं मान्य करूनही आम्हाला त्रासाचीच आठवण येते. हा दोष रेघांचा नाही, वयाचा असावा.

तेव्हा आमच्या पोरांनो, काही जुनं वाटावं म्हणून मजकुरामागे रेघा टाकत असाल, तर तुम्हाला आमची विनंती आहे. ओळींचं आणि रेघांचं अंतर एकाच आकड्यातून काढा. मराठी अक्षर रेघेवर बसवू नका, रेघेखाली टांगा. फाँट बदलला तर पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन बघा, कारण फरक तिथे सापडतो. आणि डावीकडे समास सोडाल तर तो खरा सोडा, वाचणाऱ्याला त्यात काही लिहिता येईल इतका. एवढं जमत नसेल तर रेघा टाकूच नका. कोरा कागद आम्हालाही चालतो. लहानपणी तो परवडत नव्हता इतकंच.